मृगाची पेरणी आणि मुलांचा प्रवेश



मृगाचा पाऊस झाला आणि जमिनीला वाफसा आला, की आपल्याला दुसरे काही सुचत नाही. बियाण्याची पिशवी, खताचे पोते, ट्रॅक्टरवाल्याचा फोन आणि वरचे आभाळ, एवढ्यातच जीव गुंतलेला असतो. आणि नेमके त्याच दिवसांत घरातील बारावी झालेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या कॉलेजप्रवेशाचे काम निघते. अर्ज भरा, दाखले आणा, आज तालुक्याला चला, उद्या जिल्ह्याला चला. पेरणी सोडून जावे तर घात निघून जाते, न जावे तर प्रवेशाची तारीख निघून जाते. ही ओढाताण मी तीस वर्षांच्या नोकरीत गावोगाव पाहिली आहे.

२०२३ च्या जूनमधील एक गोष्ट सांगतो. मराठवाड्यातील एका गावी सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवायला गेलो होतो. बांधावर दहा-बारा शेतकरी जमले होते. ज्यांच्या शेतात प्रात्यक्षिक होते, त्यांचा फोन वाजला. तालुक्याच्या गावाहून त्यांची मुलगी बोलत होती. "आबा, जात वैधतेचा कागद मागताहेत. नसेल तर अर्ज केल्याची पावती तरी द्या म्हणतात." आबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्याकडे जातीचा दाखला होता. वैधता हा कागद वेगळा असतो आणि त्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो, हे त्यांना त्या क्षणी प्रथमच कळत होते.

मग धावपळ सुरू झाली. आजोबांच्या शाळेचा पुरावा हवा होता. आजोबा शिकले शेजारच्या गावी. त्या शाळेचे जुने रजिस्टर निघेपर्यंत चार दिवस गेले. रजिस्टरात आजोबांचे नाव निराळे आणि घरात सगळे हाक मारत ते नाव निराळे. दोन्ही नावांचा माणूस एकच, हे लिहून देण्यात आणखी दिवस गेले. तोवर मुदत संपली. मुलीचा अर्ज खुल्या गटात धरला गेला. सरकारी कॉलेज थोडक्यात हुकले. जे मिळाले ते लांबचे आणि घराला न झेपणाऱ्या फीचे होते, म्हणून ते सोडावे लागले. मुलगी हुशार आहे, तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करून पुढे जाईल. पण त्या रात्री ओसरीवर बसून आबा जे बोलले, ते मी विसरलेलो नाही. ते म्हणाले, "साहेब, घरचे बियाणे मी तीन महिने आधी निवडून ठेवतो. शंभर दाणे गोणपाटात गुंडाळून उगवण बघतो. पोरीच्या कागदाला मात्र ऐन पेरणीत हात घातला."

आजचा लेख आबांच्या या एका वाक्यावर आहे. प्रवेशाचे काम जूनमध्ये सुरू होते, ही आपली समजूतच चुकीची आहे. जूनमध्ये फक्त पेरणी असते. मशागत त्याच्या आधी वर्ष-दीड वर्ष सुरू करावी लागते, आणि ती मशागत आईबापांची आहे. अभ्यास मुलाने करायचा, कागद आणि पैसा आपण पाहायचा, आणि काय शिकायचे ते एकत्र बसून बोलायचे, पण शेवटचा शब्द मुलाचा ठेवायचा. कामाची वाटणी अशी केली तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

आजोबांचा दाखला शोधा

मूल अकरावीला गेले, की त्या वर्षीच्या दिवाळीत एक काम करा. रब्बीची पेरणी उरकलेली असते, हाताला थोडी सवड असते. घरातील पत्र्याची पेटी उघडा आणि कागद ओसरीवर मांडा.

राखीव प्रवर्गातून व्यावसायिक शिक्षणाला जायचे असेल, तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. जातीचा दाखला प्रांत कचेरीतून मिळतो. वैधता जिल्ह्याची जात पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींसाठी वेगळी तपासणी समिती आहे. या समितीला तुमचे कुटुंब ठरावीक तारखेच्या आधीपासून महाराष्ट्राच्या भूमीत राहत होते आणि त्याच जातीचे होते, हे दाखवावे लागते. ती तारीख अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ अशी आहे.

म्हणजे मुलाच्या कागदावर भागत नाही. वडिलांचा, आजोबांचा, प्रसंगी पणजोबांचा कागद लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळा सोडल्याचा दाखला किंवा प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा मिळतो. ते शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाचा चालतो का, ते पाहावे. वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील कागद उपयोगी पडतो. जन्ममृत्यूची जुनी नोंद, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुकाची नक्कल म्हणतो ती, तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधता येते. मराठवाड्यातील जुने कागद कधी उर्दूत, कधी मोडीत सापडतात. त्यांचे भाषांतर जाणकाराकडून करून घ्यावे लागते. चुलत्याला किंवा चुलतभावाला आधी वैधता मिळालेली असेल तर त्याची प्रत जरूर जोडा. भावकीत बोलणे बंद असेल तर या कामापुरते तरी बोला. आपल्या अबोल्याची किंमत पोराने का मोजावी?

सायन्सच्या मुलांचा वैधतेचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयाच्या पत्रासह करता येतो. तो अकरावी-बारावीतच करून टाका. कागदपत्रांत त्रुटी निघाली तर ती भरून काढायला वेळ हाताशी राहतो. नुसत्या पावतीवर प्रवेशाचा अर्ज काही वेळा चालतो, पण पुढे दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र दाखवावे लागतेच. पावती हातात आली म्हणून काम झाले असे समजू नका.

कोणता कागद केव्हा

बाकीच्या कागदांचा हिशेब सोपा आहे. काही कागद एकदाच काढायचे असतात, तर काहींना मुदत असते.

एकदाच काढायचे ते असे: वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, आणि दहावीचे गुणपत्रक व प्रमाणपत्र. हे बारावीच्या दिवाळीपर्यंत पेटीत असावेत.

मुदतीचे ते असे: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र आणि आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र. नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. मुदत संपलेला दाखला पुढे चालत नाही, म्हणून हे एप्रिल-मेमध्ये काढावेत. त्या दिवसांत शेतात नांगरट सोडली तर फार काम नसते आणि सेवा केंद्रावर जूनएवढी गर्दीही नसते. तलाठी भाऊसाहेबांचा अहवाल लागत असेल तर त्यांनाही त्या वेळी सवड असते. अर्ज केल्यावर पोच घ्या. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे, आणि ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर वरिष्ठांकडे अपील करण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण पोच जवळ नसेल तर काहीच सांगता येत नाही.

कृषी अभ्यासक्रमाकडे जायचे असेल तर सातबारा आणि शेतकरी असल्याचा दाखला मागितला जातो का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहून ठेवा. पुस्तिका दरवर्षी नवी निघते आणि नियमही थोडेफार बदलतात. शेजारच्या मुलाने गेल्या वर्षी काय केले, त्यावर विसंबू नका.

नावाची जुळणी हे आणखी एक काम. दहावीच्या गुणपत्रकावरचे नाव, आधार कार्डावरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव एकसारखे असावे. वडिलांच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी ऐनवेळी अडते. ही दुरुस्ती अकरावीत केली तर एक फेरी पुरते. जुलैमध्ये केली तर दहा फेऱ्या होतात.

एका माउलीची पद्धत मला फार आवडली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिने खताच्या पोत्याच्या आतली प्लॅस्टिकची पिशवी धुऊन, वाळवून त्यात मुलाचे सगळे कागद ठेवले होते. एकूण कागद अकरा. मुलगा कचेरीत जायला निघाला की अकरा मोजून द्यायची आणि परतला की अकरा मोजून घ्यायची. मुलाने एकदा उत्पन्नाचा दाखला झेरॉक्सच्या दुकानात विसरला, तेव्हा दहा भरले म्हणून तिने त्याला पाणी पिण्याआधी परत पाठवले. दाखला काचेखालीच पडला होता. आज तो मुलगा इंजिनिअर आहे. मुलाला मदत करायला आपण शिकलेलेच असले पाहिजे असे नाही, हे मला त्या बाईने दाखवून दिले.

मुलाला काय आवडते, ते विचारा

आता वळू या खऱ्या अवघड प्रश्नाकडे. मुलाने शिकायचे काय?

आपण जमिनीचा पोत पाहून पीक घेतो. भारी काळ्या रानात कपाशी घेऊ, मुरमाड रानात तिचा हट्ट धरणार नाही. शेजाऱ्याने केळी लावली म्हणून पाणी नसताना केळी लावणारा शेतकरी शहाणा म्हणवत नाही. पण मुलाच्या बाबतीत आपण हेच करतो. पाहुण्याचा मुलगा संगणक शिकला आणि पुण्यात कामाला लागला, म्हणून आपल्याही मुलाने तेच करावे असा धोशा लावतो.

दुसऱ्याचे कशाला, माझीच चूक सांगतो. मी कृषी पदवीधर. तरी माझ्या थोरल्या मुलाने अन्नतंत्रज्ञानाकडे जातो म्हटले, तेव्हा त्यात काय ठेवले आहे म्हणून मी त्याला इंजिनिअरिंगला घातले. तो बोलला नाही. पहिल्या वर्षी निम्मे विषय राहिले. सुट्टीत घरी आला आणि जेवताना ताटाकडे पाहत म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला सांगितलं होतं." त्याचे एक वर्ष आणि माझे पैसे गेले. नंतर तो स्वतःच्या आवडीच्या अभ्यासक्रमाला गेला आणि सरळ पास होत गेला. खेड्यापाड्यांत लोकांना सल्ला देत हिंडणारा माणूस घरात ऐकायला विसरला, एवढेच म्हणतो.

म्हणून विचारा. मात्र एकदाच 'काय व्हायचंय तुला?' असे दरडावून विचारू नका. शेतातून येताना, धारा काढताना, मोटार चालू करायला रात्री बरोबर जाताना थोडे थोडे विचारा. कोणता विषय अभ्यासाला घेतला की वेळ कळत नाही? कोणत्या विषयाची धास्ती वाटते? हातांनी करायचे काम आवडते, की माणसांत बोलायचे? मुले तोंडासमोर बसवून बोलत नाहीत. हाताला काम असले की बोलतात.

आणि वाटा किती आहेत, हेही आपण माहीत करून घ्यावे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी आपल्या राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांच्या कक्षेत नुसती कृषी पदवी नाही, तर उद्यानविद्या, वनविद्या, अन्नतंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी अशा निरनिराळ्या पदव्या आहेत. जनावरांची आवड असलेल्या मुलाला पशुवैद्यकाची वाट आहे. त्यासाठी डॉक्टरकीसारखीच नीट परीक्षा लागते. इंजिनिअरिंग, औषधनिर्माण आणि कृषी यांसाठी राज्याची सीईटी असते. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. आयटीआय करून हाताला कसब मिळवणारा मुलगा कमी प्रतीचा नाही. घर सोडता येत नाही अशांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए., बी.कॉम. करून स्पर्धा परीक्षेने अधिकारी झालेली कितीतरी मुले मी पाहिली आहेत.

सीईटीविषयी दोन गोष्टी आईबापांनी समजून घ्याव्यात. एक, तिच्यात सुमारे २० टक्के भाग अकरावीच्या अभ्यासक्रमाचा असतो, म्हणून अकरावी हे विश्रांतीचे वर्ष नव्हे. दोन, निकालात येणारे पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल याचा अर्थ, परीक्षेला बसलेल्या दर शंभर मुलांपैकी नव्वदजण तुमच्या मुलाच्या बरोबरीने किंवा मागे आहेत. 'नव्वद मिळाले, मग पहिल्या नंबरचे कॉलेज का नाही?' असे म्हणून मुलाला छळू नका. परीक्षेला लाखो मुले बसतात. शंभरात दहा पुढे असले तरी ती संख्या मोठी होते.

पसंतीक्रम म्हणजे काय

प्रवेशाच्या अर्जात पुढे एक यादी भरावी लागते. कोणते कॉलेज आणि कोणता अभ्यासक्रम पहिला, कोणता दुसरा, कोणता तिसरा. तिला पसंतीक्रम म्हणतात. मुलांचे सर्वात जास्त नुकसान इथे होते, कारण ही यादी पुष्कळदा सेवा केंद्रावरचा अनोळखी माणूस पाच मिनिटांत भरून टाकतो.

ध्यानात ठेवा, यादी मनातील आवडीच्या क्रमाने लावायची असते. 'हे आपल्याला मिळेल' असा अंदाज बांधून सोपे कॉलेज वर घालू नये. वरचे मिळाले नाही तर यंत्रणा आपोआप खालचे पाहते, त्यात तोटा नाही. पण सोपे कॉलेज पहिल्या ओळीत घातले आणि तेच मिळाले, तर मागे फिरता येत नाही. इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेरीचा दरवाजा बंद होतो. म्हणून पहिल्या ओळीत असे नाव लिहा, की ते मिळाले तर घरात गूळ वाटावासा वाटेल. आणि जिथे काही झाले तरी पाठवायचे नाही, ते नाव यादीत शेवटालाही नको.

यादी घरी बसून, कागदावर पेन्सिलीने तयार करा. जमले तर उन्हाळ्यात त्यातील दोन-तीन कॉलेजे मुलाला घेऊन पाहून या. बैल घेताना आपण दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो. कॉलेज मात्र रस्त्यावरचा फलक पाहून ठरवतो. तिथे गेल्यावर इमारतीपेक्षा माणसांकडे बघा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, तास होतात का, प्रयोगशाळा उघडी असते का, वसतिगृहात पाणी किती वाजता येते, खानावळीचे महिन्याचे किती पडतात. मुलीला पाठवायचे असेल तर बसथांब्यापासून वसतिगृहापर्यंतचा रस्ता स्वतः चालून पाहा.

अर्जात मोबाइल नंबर द्यायचा तो घरातलाच द्या, केंद्रवाल्याचा नको. सगळे निरोप आणि सांकेतिक आकडे त्याच नंबरावर येतात. अर्जाचा क्रमांक आणि पासवर्ड वहीत लिहून वही त्या पेटीतच ठेवा.

पैशाची बाजू

कॉलेजचा खर्च म्हणजे फक्त फी नव्हे. राहणे, जेवण, पुस्तके आणि येणे-जाणे यांचा खर्च कित्येकदा फीच्या पुढे जातो. म्हणून एका कागदावर वर्षाचा पूर्ण अंदाज मांडा आणि तो मुलासमोर मांडा. घरात किती आहे आणि किती नाही, हे सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला कळले पाहिजे. लपवून ठेवलेली ओढ मुलाला कधीतरी कळतेच, आणि तेव्हा ते स्वतःला दोष देत बसते.

मग सवलती पाहा. शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, ज्यांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क १०० टक्के माफ झाले. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेल्यास ही सवलत नाही. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातींच्या मुलांना राहण्या-जेवणासाठी स्वाधार योजना आणि अनुसूचित जमातींच्या मुलांना स्वयम् योजना आहे.

अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ज्यांच्या नावाने ती आहे, ते पंजाबराव १८९८ साली अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मले, परदेशात जाऊन शिकले आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. या योजनेविषयी कॉलेजच्या कार्यालयात आवर्जून विचारा.

यांपैकी बहुतेक अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर करावे लागतात. मुलाचे बँक खाते आधारशी जोडलेले असावे, नाहीतर पैसे अडकतात. आणि अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाले म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही.

तरीही कमी पडले तर रान विकण्याआधी किंवा सावकाराच्या दारात जाण्याआधी बँकेत जा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, आणि हप्ते सहसा शिक्षण संपून वर्ष झाल्यावर सुरू होतात. कर्ज हे कर्जच. व्याज किती, हप्ता किती बसेल, हे मुलाला बरोबर नेऊन त्याच्यादेखत विचारा. फेडायचे आहे ते त्यालाच.

दलालापासून सावध

जून-जुलैत एक जात गावात उगवते. 'साहेब आपल्या ओळखीचे आहेत, सीट करून देतो, एवढे आधी टाका.' यांना ओसरीवर बसवू सुद्धा नका. महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांनी देणगी घेऊन प्रवेश देण्यास बंदी आहे. व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते. ठरलेली फी किती आहे ते विचारा आणि जे द्याल त्याची पावती घ्या. पावती देत नसतील तर उठून या. मूळ गुणपत्रके कोणाही एजंटाच्या हाती देऊ नका.

निकालाचा दिवस

शेवटी सर्वात महत्त्वाचे. निकाल लागेल त्या दिवशी घरी राहा. कितीही काम असो. चांगला निकाल लागला तर आनंद करायला माणूस हवा, आणि वाईट लागला तर त्याहून जास्त हवा.

कमी गुण पडले तर त्या दिवशी 'तुझ्यासाठी एवढे केले' हे वाक्य तोंडातून काढू नका. मुलाला ते माहीत असते. त्याने आपल्या हातांना पडलेले घट्टे पाहिलेले असतात. पाहुण्यांचे फोन आपण घ्या, मुलाला देऊ नका. मूल गप्प बसले, जेवेना, एकटे एकटे राहू लागले तर डोळ्याआड होऊ देऊ नका. रात्री त्याच्याजवळ झोपा. काय बोलावे ते सुचत नसेल तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरावर दिवसरात्र चालू असते. तुम्हीही बोलू शकता, मूलही बोलू शकते. त्यात कमीपणा नाही.

नापास झाला तर पुरवणी परीक्षा असते. हवे ते कॉलेज मिळाले नाही तर दुसरी वाट असते. पाऊस दगा देतो, दुबार पेरणी करावी लागते, तेव्हा आपण रान पडीक टाकून देतो का? उधार-उसनवार करून पुन्हा बियाणे आणतो आणि उशिराचे पीक घेतो. उशिराच्या पिकावर कितीतरी संसार उभे राहिले आहेत. मग लेकरावर एवढा विश्वास ठेवायला काय हरकत आहे?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांना दोन घास मिळावेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ती मुले त्यांच्या पोटची नव्हती. आपल्याला तर आपल्या पोटच्या मुलासाठी करायचे आहे, आणि दागिने मोडायचेही नाहीत. दिवाळीच्या चार सुट्ट्या, एप्रिलमधल्या दोन फेऱ्या आणि रोज थोडे ऐकणे, एवढेच करायचे आहे.

त्या आबांची धाकटी मुलगी यंदा अकरावीत आहे. मागच्या महिन्यात त्यांच्या गावी गेलो होतो. चहा झाल्यावर त्यांनी फडताळातून एक पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आजोबांच्या दाखल्याची नक्कल, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, थोरल्या मुलीला पुढे मिळालेले वैधता प्रमाणपत्र, सगळे नीट लावलेले. पोरगी म्हणते, मला पशुवैद्यक व्हायचंय. आबा म्हणाले, "होऊ दे की. आपली उगवण तर तपासून झाली."

तुमच्या घरात अकरावीचे मूल असेल, तर आज संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर पत्र्याची पेटी उघडा आणि आजोबांचा कागद आहे का, तेवढे पाहा.